पोटदुखीत सीटी स्कॅन कधी लागतो?

कर्जत/खालापूर : पोटात कळ आली की ओवा-सोडा घेऊन रात्र काढायची, असं घरोघरी चालतं. पण दुखणं बेंबीपासून सरकून उजवीकडे खाली गेलं, सोबत ताप-उलट्या असतील, तर अपेंडिक्स असू शकतं. ते फुटलं तर जिवावर बेततं. पोट फळीसारखं कडक झालं तरी थांबू नये. कर्जतचं उपजिल्हा रुग्णालय किंवा जवळचा दवाखाना लगेच गाठावा. गाडी नसेल तर 108 ला फोन लावावा.

डॉक्टर बऱ्याचदा आधी सोनोग्राफी करतात. त्यात नीट कळलं नाही, की सीटी स्कॅन. यात एक्स-रेने पोटाच्या आतले, पावाच्या कापांसारखे एकामागोमाग एक फोटो निघतात. अपेंडिक्स, मुतखडा, आतड्यातला अडथळा, स्वादुपिंडाची सूज त्यात दिसते. साधी ॲसिडिटी मात्र दिसत नाही. जठरातल्या जखमेसाठी दुर्बिणीची तपासणी लागते. म्हणून स्वतःहून स्कॅन काढायला धावू नये.

स्कॅनआधी गरोदरपण, किडनीचा त्रास, औषधाची ॲलर्जी आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर जरूर सांगावं. जुने रिपोर्ट सोबत न्यावेत.