लोखंडाची वाळवी

पंचतंत्रातील ती गोष्ट तुम्ही वाचली असेलच. परगावाहून परतलेला वाण्याचा मुलगा ठेवायला दिलेला लोखंडी तराजू परत मागतो, आणि समोरचा शेठ खुशाल सांगतो, ‘‘तराजू? तो तर उंदरांनी खाल्ला!’’ उंदीर लोखंड खात नाहीत हे खरे. पण लोखंड खाणारे दुसरे कोणी नाहीच, असे मात्र समजू नका. दात नाहीत, पोट नाही, आवाज नाही; तरी एखादा जाड पत्रा ते काही वर्षांत चाळणीसारखा करून टाकते. त्याचे नाव गंज!

हा गंज कसा खातो आणि त्याने खाल्लेले यंत्र पुन्हा कसे उभे करतात, हे आज एका यंत्राच्या निमित्ताने पाहू. हे यंत्र म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे जोडायचा गवत कापणारा फिरता मोअर.

छत्रीखालची तलवार

इंग्लंड-अमेरिकेत गुरे चारण्यासाठी मोठमोठी कुरणे राखतात. गुरांनी न खाल्लेले राठ गवत आणि झुडपे वरचेवर छाटावी लागतात. त्यासाठी हे यंत्र वापरतात. अमेरिकेत याला पुष्कळ लोक सरळ ‘बुश हॉग’ म्हणतात. अलाबामा राज्यातील सेल्मा गावच्या एका कंपनीचे हे नाव. पण ते इतके रुळले की कोणत्याही कंपनीच्या यंत्राला चिकटले. आपल्याकडेही फळबागांतून गवत छाटण्यासाठी अशा जातीची यंत्रे वापरली जातात.

याची रचना सोपी आहे. ट्रॅक्टरच्या मागे एक फिरता दांडा असतो. तो बहुधा मिनिटाला ५४० फेरे घेतो. त्याला जोडलेला गिअर बॉक्स हा वेग वाढवून खालच्या पात्यांना देतो. समजा, पात्यांच्या फिरण्याचा व्यास दीड मीटर आहे आणि ती मिनिटाला १००० फेरे घेत आहेत. आता हिशेब करा. एका फेऱ्यात पात्याचे टोक सुमारे ४.७ मीटर जाते. म्हणजे मिनिटाला ४,७०० मीटर, आणि तासाला सुमारे २८० किलोमीटर! आगगाडीलाही लाजवणारा हा वेग.

या पात्यांवर पोलादी पत्र्याचे जे छत असते, त्याला ‘डेक’ म्हणतात. डेक ही केवळ शोभेची छत्री नव्हे. सगळा जड गिअर बॉक्स तिच्यावर बसवलेला असतो. शिवाय पात्याने उडवलेला दगड किंवा तारेचा तुकडा अडवण्याचे कामही तीच करते. तासाला २८० किलोमीटर वेगाच्या पात्याने मारलेला दगड गंजून पडलेल्या भोकातून बाहेर आला तर काय होईल, याची कल्पना करा. म्हणून डेकला पडलेले भोक हा यंत्राचा कुरूपपणा नसून चालकाच्या जिवाचा प्रश्न आहे.

पाण्यातली बॅटरी

डेकच गंजते, आणि तीही खालून, असे का बरे?

लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन अशा दोघांचीही गरज असते. पत्र्यावर पाण्याचा पापुद्रा बसला की तेथे एक छोटीशी बॅटरीच तयार होते. एका ठिकाणी लोखंडाचे अणू आपले इलेक्ट्रॉन मागे ठेवून पाण्यात उतरतात. ते इलेक्ट्रॉन पत्र्यातून दुसऱ्या ठिकाणी जातात आणि तेथे ऑक्सिजन व पाणी त्यांना उचलून घेतात. पाण्यात उतरलेल्या लोखंडाचा पुढे ऑक्सिजनशी संयोग होऊन तांबूस, भुसभुशीत गंज बनतो. पाण्यात मीठ किंवा खत विरघळलेले असेल, तर वीज अधिक सहज वाहते आणि काम झपाट्याने होते. कोकणात खिडकीचे गज देशापेक्षा लवकर गंजतात, त्याला समुद्राकडून येणारी खारट हवा हे एक मोठे कारण आहे.

आता डेकच्या पोटाकडे पाहा. कापलेले ओले गवत तेथे थापले जाते. ते स्पंजासारखे पाणी धरून ठेवते. वर उन्हाने पत्रा कोरडा ठणठणीत झाला, तरी खाली ओल कायम. तुम्ही म्हणाल, ‘गवताच्या थराखाली हवा पोचत नाही, मग तेथे गंज कमी चढायला हवा!’ येथेच खरी गंमत आहे. केंब्रिजचे शास्त्रज्ञ यूलिक इव्हान्स यांनी १९२० च्या दशकात प्रयोगांनी दाखवून दिले, की जेथे ऑक्सिजन कमी असतो नेमके तेथलेच लोखंड पाण्यात उतरते. आणि इलेक्ट्रॉन उचलले जातात ते भरपूर हवा असलेल्या कडेला. म्हणजे चोरी होते झाकल्या जागी, आणि गलका होतो बाहेर! गवताच्या थराखाली, दोन पत्र्यांच्या जोडात, बोल्टच्या डोक्याखाली गंज सर्वांत खोल जातो, तो यामुळेच.

शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. जोडात तयार झालेला गंज पाचरीसारखा पत्रे फाकवतो, फट रुंदावते आणि आणखी पाणी आत शिरते.

वाजवून पाहा

दुरुस्तीची सुरुवात हत्याराने नव्हे, सावधगिरीने होते. इंजीन बंद करून किल्ली काढून घ्यायची, फिरता दांडा सोडवायचा, आणि यंत्र उचलले असेल तर त्याखाली मजबूत आधार द्यायचे. ट्रॅक्टरने नुसते उचलून धरलेल्या यंत्राखाली कधीही शिरत नाहीत. ते तेलाच्या दाबावर तोललेले असते. एखादी नळी फुटली, तर ते क्षणात खाली येईल.

मग थापलेले गवत खरवडून काढतात, पत्रा धुऊन वाळवतात आणि वायर ब्रश फिरवतात. डोळ्यांना चष्मा, नाका-तोंडाला मास्क हवाच.

आता पत्रा किती शिल्लक आहे, हे कसे ओळखायचे? बाजारात आपण माठ घेताना तो वाजवून पाहतो ना? तसेच! छोट्या हातोड्याने जागोजागी ठोकत जायचे. धड पत्रा खणखणीत वाजतो, पोखरलेला बद्द. संशय आला तेथे टोकदार दाभण किंवा स्क्रू-ड्रायव्हर दाबून पाहतात. टोक आत घुसले, की तो पत्रा गेला असे समजावे.

भोक पडले नाही म्हणून निश्चिंत राहू नये. पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. ३ मिलिमीटर जाडीचा पत्रा गंजून दीड मिलिमीटर उरला, तर जाडी निम्मी होते. पण ताठपणा मात्र केवळ आठवा हिस्सा उरतो. असा पत्रा गिअर बॉक्सखाली असला, तर हादऱ्यांनी लपलपू लागतो आणि बोल्टभोवती भेगा पडतात.

ठिगळ कसे लावावे?

फाटक्या सदऱ्याला ठिगळ लावताना आई आधी विरलेले कापड कापून टाकते, कारण विरलेल्या कापडात टाका टिकत नाही. लोखंडाचेही तसेच आहे. गंजातच पाणी आणि ऑक्सिजन असतात. त्यावर वेल्डिंग केले, तर वायूचे बुडबुडे सांध्यात अडकून तो सच्छिद्र होतो. पातळ पत्रा तर जळून आणखी मोठे भोक पडते. म्हणून खणखणीत पत्रा लागेपर्यंत सडका भाग ग्राइंडरने कापून काढतात.

कापताना कोपरे गोल ठेवतात. टोकदार कोपऱ्यात सारा ताण एकवटतो आणि तेथूनच चीर पुढे जाते. आधीच चीर पडलेली असेल, तर तिच्या टोकाशी एक छोटे गोल छिद्र पाडतात. टोक बोथट झाले, की चिरेचा जोर ओसरतो. मग ती चीर वेल्डिंगने भरून घेतात.

ठिगळासाठी मूळ जाडीचाच साधा पोलादी पत्रा घेतात. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा चालत नाही. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळते आणि वेल्डिंगची ज्योत त्याहून कितीतरी तप्त असते. तो धूर छातीत गेला, तर थंडी वाजून ताप भरतो.

वेल्डिंगवाला सांधा एका दमात मारत सुटत नाही. आधी चार बाजूंना चार ‘टॅक’, मग समोरासमोर थोडे थोडे जोडत जायचे आणि मध्ये निवू द्यायचे. का? एक मीटर लांबीची पोलादी पट्टी १०० अंश तापली, की सुमारे १.२ मिलिमीटर वाढते. एकाच बाजूला उष्णता साठली, तर पत्रा पापडासारखा वाकडा होईल. शेवटी ठिगळाची कड चहूबाजूंनी बंद करतात. फट राहिली, तर तेथे इव्हान्स यांनी सांगितलेली चोरी पुन्हा सुरू होणार!

विजेचा अर्थिंगचा चिमटाही सांध्याजवळच लावायचा असतो. तो लांब लावला, तर प्रवाह बेअरिंगमधून जाऊन त्याच्या गोळ्यांवर चट्टे पाडतो. आणि वाळके गवत आसपास असल्याने पाण्याची बादली जवळ हवीच.

हिरडा आणि जस्त

कानाकोपऱ्यांतला गंज पूर्ण निघत नाही. तेथे फॉस्फोरिक आम्ल किंवा टॅनिन असलेला द्राव लावतात. गंजाशी संयोग होऊन एक काळपट, घट्ट थर तयार होतो. टॅनिनची ही करामत आपल्या घरात जुनीच आहे. कच्ची केळी किंवा आवळा चिरताना लोखंडी विळी काळी पडते ती यामुळेच. आणि हिरडा व हिराकस यांपासून पूर्वी काळी शाई करत, तीही याच रासायनिक क्रियेने.

घासून उघड्या केलेल्या स्वच्छ पत्र्यावर जस्ताची पूड भरपूर असलेला प्रायमर देतात. जस्त लोखंडापेक्षा अधिक सहज इलेक्ट्रॉन देते. म्हणून दोघे एकत्र असले, की जस्त स्वतः झिजते आणि लोखंड वाचते. अशा बदली धातूची कल्पना सर हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ साली मांडली. ब्रिटिश जहाजांच्या तळाचे तांब्याचे पत्रे खाऱ्या पाण्यात झिजत. डेव्हींनी त्यांना जस्त व लोखंडाचे तुकडे जोडले. तांबे वाचले खरे, पण एक विपरीत झाले. तांबे विरघळेना, त्यामुळे त्याचे विषही पाण्यात उतरेना. मग शंख-शिंपल्यांनी जहाजाच्या तळाशी वसाहतच केली आणि जहाजे मंदावली!

प्रायमरवर रंगाचे दोन हात दिले, की डेक नवी दिसते. पण उडणाऱ्या वाळूने आणि खड्यांनी खालचा रंग खरवडला जाणारच. म्हणून सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचा उपाय एकच. काम संपले, की त्याच दिवशी गवत काढायचे, पत्रा वाळवायचा आणि यंत्र छपराखाली ठेवायचे.

करून पाहा

(१) जस्ताचा मुलामा नसलेला लोखंडी पत्र्याचा तुकडा पॉलिश पेपरने चकचकीत घासा. अर्ध्या भागावर ओल्या गवताची मूठ दाबून ठेवा आणि ती रोज भिजवा. उरलेला भाग उघडा व कोरडा ठेवा. आठ दिवसांनी गवत उचलून दोन्ही भाग बोटाने चाचपून पाहा.

(२) दोन साधे खिळे घासून घ्या. एकाला कुंपणाची जस्त चढवलेली तार घट्ट गुंडाळा. दोन्ही खिळे वेगवेगळ्या पेल्यांत मिठाच्या पाण्यात ठेवा. कोणता आधी गंजतो आणि का, ते वहीत लिहा.

आणि हो, घरातली कुदळ, खुरपे, विळा एकदा उन्हात काढून पाहा. त्यांना चिकटलेल्या मातीखाली काय चालले आहे, ते आता तुम्हाला ठाऊक आहे.