छायाप्रकाशाचा तोल

भर दुपारी ओसरीवर बसलेल्या एखाद्या वृद्धेचे छायाचित्र कोणी घेतो. प्रत्यक्ष पाहणाऱ्यास तिच्या चेहऱ्यावरील सुरकुत्याही दिसतात आणि अंगणात वाळत घातलेल्या धोतराची चुणीही दिसते. चित्रात मात्र चेहरा काळवंडतो, नाहीतर धोतराचा नुसता पांढरा डाग उरतो. डोळा जेथे वळतो तेथील उजेडाशी जुळवून घेतो. कॅमेऱ्याला सारे दृश्य एकाच मापाने मोजावे लागते. ही तफावत भरून काढणे, हे छायाप्रकाशाच्या संस्करणाचे मुख्य प्रयोजन होय.

ही विद्या संगणकाबरोबर जन्मली नाही. अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांनी १९४१ साली न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ या खेड्यावरील चंद्रोदय टिपला आणि त्याच निगेटिव्हवरून पुढे अनेक वर्षे प्रती काढताना आकाश उत्तरोत्तर गडद केले. अंधाऱ्या खोलीत कागदावर पडणारा उजेड हाताने अडवून किंवा अधिक वेळ पडू देऊन जे साधत असे, तेच आज फोटोशॉपसारख्या आज्ञावलीने पडद्यावर साधते. ही आज्ञावली १९९० साली बाजारात आली.

डिजिटल छायाचित्र म्हणजे सूक्ष्म चौकोनांची जाळी. नेहमीच्या चित्रात प्रत्येक चौकोनाच्या लाल, हिरव्या व निळ्या अंशास ० ते २५५ पैकी एकेक आकडा मिळतो. कोणत्या उजेडाचे किती चौकोन आहेत, हे हिस्टोग्राम नावाचा आलेख दाखवितो; डावीकडे काळोख, उजवीकडे उजेड. समजा, एका फिकट चित्रातील सारे आकडे ४० ते २१० यांच्या दरम्यानच आहेत. ‘लेव्हल्स’ या साधनाने ४० चा शून्य व २१० चा २५५ केला की मधले आकडे त्या प्रमाणात पसरतात आणि चित्रास उठाव येतो. ‘कर्व्ह्ज’ हे साधन याहून नाजूक आहे. त्यातील तिरपी रेषा जेथे वर उचलावी, तेथील छटा उजळतात. रेषेला इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा बाक दिला, तर मधल्या छटांतील भेद स्पष्ट होतो. पण दोन्ही टोकांकडील भेद दबतो.

म्हणजे हा जमाखर्चच आहे. वरील उदाहरणात १७१ पायऱ्या २५६ जागांवर पसरल्या. मध्ये फटी पडल्या. फार ताणले तर निरभ्र आकाशात पट्टे दिसू लागतात. म्हणूनच जाणकार छायाचित्रकार ‘रॉ’ स्वरूपात चित्र साठवितात; तेथे चौदा बिटांच्या नोंदीत १६,३८४ पायऱ्या मिळतात. तरीही काळोखातून वर काढलेल्या भागात खरखरीत कण दिसतात. आणि तिन्ही रंगांत जे मर्यादेपलीकडे जळून गेले, ते कोणत्याही आज्ञावलीस खरेखुरे परत आणता येत नाही. जी चुणी नोंदलीच गेली नाही, ती उजळणार कोठून?

परंतु प्रश्न केवळ कौशल्याचा नाही. जून १९९४ मध्ये ओ. जे. सिम्प्सन या कृष्णवर्णीय खेळाडूवर खुनाचा आरोप आला, तेव्हा ‘टाइम’ साप्ताहिकाने त्याचे पोलिसांनी घेतलेले छायाचित्र मुखपृष्ठावर अधिक काळवंडून छापले. ‘न्यूजवीक’ने तेच छायाचित्र तसा बदल न करता छापले होते. दोन्ही अंक शेजारी मांडले गेले आणि तीव्र टीका उठली: न्यायालयाचा निकाल लागण्यापूर्वीच चेहऱ्याला काळोख फासून वाचकाचा निकाल ठरविला जात आहे!

याच्या उलट प्रकार आपल्याकडील लग्नाच्या छायाचित्रांत आढळतो. सावळी वधू आल्बमात गोरी होऊन बसते. साधन तेच, रेषाही तीच. भेद आहे तो हेतूचा. ओसरीवरील वृद्धेच्या चेहऱ्यावरची सावली हलकी केली, तर पाहणाऱ्यास जे दिसत होते ते परत मिळते. तिचा वर्ण बदलला, तर जे कधी नव्हतेच ते मिळते. पहिल्यास संस्करण म्हणावे. दुसऱ्यास तेच नाव देता येणार नाही.