गडावरचा वारा आणि अंगातली ऊब

अकोले तालुक्यातील हरिश्चंद्रगडावर (१४२४ मीटर) तंबूत रात्र काढण्याची हौस अलीकडे वाढली आहे. कोकणकड्यावरचा वारा तंबू हलवतो, हे सर्वांना ठाऊक असते. भिजलेल्या कपड्यांतून तो अंगाची ऊब ओढून नेतो, याकडे मात्र दुर्लक्ष होते. त्यासाठी कडाक्याची थंडी लागत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये याच गडाच्या वाटेवर पावसात चुकलेल्या गटातील एक जण गारठून दगावला.

शरीराचे तापमान ३५ अंश सेल्सिअसखाली गेले की मेंदू मंदावतो. आधी हुडहुडी भरते, मग जीभ अडखळते, पाय लटपटतात. पुढे हुडहुडी थांबते आणि सोबत्यांना हायसे वाटते. वास्तविक तेव्हाच धोका वाढलेला असतो.

रुग्णाला आडोशाला न्यावे, ओले कपडे उतरवून कोरड्या घोंगडीत गुंडाळावे, डोके झाकावे. पूर्ण शुद्धीवर असेल तरच गरम गोड चहा पाजावा. हातपाय चोळू नयेत. आणि दारूचा घोट? मुळीच नको! त्याने ऊब आल्याचा भास होतो, उष्णता मात्र अधिकच निघून जाते. असंबद्ध बडबड सुरू झाल्यास रुग्णाला चालवू नये. पाचनईहून माणसे बोलावून अलगद खाली उतरवावे व तातडीने रुग्णालय गाठावे.

कपड्यांचा एक कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून न्यावा. तो झोपतानाच काढायचा.