खडकाचा नकाशा कसा तयार होतो : वर्धा जिल्ह्यातील भूवैज्ञानिक पाहणी

वर्धा जिल्ह्याचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून बाहेर पडलेल्या लाव्हाचे थर एकावर एक साचून तो बनला. यातील कोणता थर कुठे उघडा पडला आहे आणि कुठे मातीखाली गेला आहे, हे भूवैज्ञानिक नकाशा सांगतो. देशात हे काम प्रामुख्याने १८५१ मध्ये स्थापन झालेली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही संस्था करते. तिचे मध्य विभागीय कार्यालय नागपूरला आहे.

पाहणीचा पाया म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा स्थलदर्शक नकाशा. त्यावरील एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे अर्धा किलोमीटर अंतर. वर्धा व हिंगणघाट ही शहरे जुन्या क्रमांकपद्धतीप्रमाणे ५५ एल या गटात येतात. क्षेत्रात जाण्यापूर्वी उपग्रहचित्रांवरून टेकड्यांचे कडे, पठारे आणि सरळ रेषेत वाहणारे नाले हेरून ठेवतात. प्रत्यक्ष पाहणी पावसाळ्यानंतर, वाटा मोकळ्या झाल्यावर होते.

हातोडा, भिंग, होकायंत्र, जीपीएस आणि नोंदवही ही मुख्य साधने. खडकाचा बाहेरचा पृष्ठभाग ऊनपावसाने बदललेला असतो, म्हणून आधी तो फोडून ताजी बाजू भिंगाखाली पाहिली जाते. बेसाल्टमध्ये चुंबकीय खनिजे असल्याने होकायंत्राची सुई फसू शकते. त्यामुळे दिशेची नोंद थोडे दूर सरकून पुन्हा पडताळावी लागते.

सगळे थर काळेच असताना ते वेगळे कसे ओळखायचे, हा या पाहणीतला खरा प्रश्न आहे. थराचा मधला भाग घट्ट असतो. माथ्याकडे वायूच्या बुडबुड्यांनी पडलेली छिद्रे दिसतात. पुढे या छिद्रांत झिओलाइट, कॅल्साइट आणि गारगोटीसारखी खनिजे भरतात. दोन थरांच्या मध्ये कधी तांबड्या मातीचा पट्टा सापडतो, कधी त्या काळच्या तळ्यांत साचलेला गाळ. अशा गाळातील जीवाश्मांचा अभ्यास स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नागपूर परिसरात केला. 

समुद्रपूर तालुक्यातील गिरडची टेकडी ख्वाजा शेख फरीद यांच्या दर्ग्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथे विखुरलेले गोलसर दगड म्हणजे व्यापाऱ्यांचा दगड झालेला माल, अशी श्रद्धा आहे. भूवैज्ञानिक त्यांना झिओलाइटचे गोळे म्हणून ओळखतात. भोवतालचा बेसाल्ट झिजला आणि हे गोळे मोकळे झाले.

थर जवळजवळ आडवे असल्याने त्यांच्या सीमा समोच्च रेषांना धरून जातात. टेकडीच्या एका उतारावर सापडलेला तांबडा पट्टा दुसऱ्या उतारावरही साधारण त्याच उंचीवर शोधला जातो. तो तिथे मिळाला नाही, तर थर तिथवर पोहोचण्याआधीच संपला की भूस्तर सरकले, हे तपासावे लागते.

आर्वी, आष्टी, कारंजा भागांतील टेकड्यांवर आणि नाल्यांच्या काठांवर खडक सहज दिसतो. काळ्या मातीच्या सपाट शिवारात मात्र विहीर हीच उघडी पडलेली भूमी. विहिरीच्या उभ्या छेदात वरून खाली काळी माती, चुनखडीचे खडे, मुरूम आणि मग पाषाण असा क्रम आढळतो. विहीर खोदणाऱ्या शेतकऱ्याला पाणी कोणत्या थराला लागले हे ठाऊक असते, आणि ती माहिती नोंदवहीत मोलाची ठरते. खाणी आणि रस्त्यासाठी कापलेल्या दरडीही अशाच उपयोगी पडतात.

प्रत्यक्ष पाहिलेली सीमा नकाशावर अखंड रेषेने आणि तर्काने ठरवलेली तुटक रेषेने काढतात. हा भेद काटेकोरपणे पाळला तरच वाचणाऱ्याला कशावर किती विसंबावे हे कळते. निवडक नमुन्यांचे पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली तपासून खडकाचे नाव पक्के केले जाते.

विहिरीची जागा, तलावाचा पाया, दगडाची खाण या सर्वांसाठी हा नकाशा कामाचा आहे. घट्ट पाषाण पाणी फारसे साठवत नाही. झिजलेला, भेगाळलेला आणि सच्छिद्र भाग पाणी धरतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे नकाशे आता भूकोश या संकेतस्थळावर पाहता येतात. नवी विहीर खोदण्याआधी ग्रामपंचायतींनी आणि शेतकऱ्यांनी ते जरूर पाहावेत.