१९६९च्या तबकड्या

लोकसंगीतावर पोसलेल्या रॉकचं सर्वांत समृद्ध वर्ष कोणतं, असं कुणी विचारलं तर मी १९६९ म्हणेन. त्या वर्षी बॉब डिलननं ‘नॅशव्हिल स्कायलाइन’ काढून कंट्री संगीताची वाट धरली, फ्लाइंग बरिटो ब्रदर्सची आणि निक ड्रेकची पहिली तबकडी आली. पण माझा जीव अडकलाय तो दोन तबकड्यांत. एक ‘द बँड’ याच नावाच्या चमूची ‘द बँड’ आणि दुसरी इंग्लंडच्या फेअरपोर्ट कन्व्हेन्शनची ‘लीज अँड लीफ’. पहिलीचं घराणं अमेरिकेचं, दुसरीचं इंग्लंडचं. तरीही दोघींचं नातं आहे आणि त्याची सुरुवात वर्षभर आधीची.

१९६८मध्ये द बँडची पहिली तबकडी ‘म्युझिक फ्रॉम बिग पिंक’ आली. बिग पिंक हे न्यूयॉर्क राज्यातल्या वुडस्टॉकजवळचं गुलाबी रंगाचं घर. याच घराच्या तळघरात द बँडमधल्या गार्थ हडसननं बंगालच्या बाउल गायकांची गाणी ध्वनिमुद्रित केली होती. सगळीकडे कानठळ्या बसवणाऱ्या गिटारींचा जमाना असताना द बँडचे हे पाच जण चर्चमधल्या आणि खेड्यातल्या जुन्या गाण्यांच्या आवाजात गात होते. त्यातला अमेरिकन एकच, आर्कान्सा राज्यातला लेव्हन हेल्म. बाकीचे चौघे कॅनडाचे. लंडनमध्ये फेअरपोर्टची मंडळी तोवर अमेरिकी वळणाचीच गाणी वाजवत होती. बिग पिंक ऐकल्यावर त्यांना कळून चुकलं, की अमेरिकेची गाणी इतक्या अस्सलपणे आपल्याला जमायची नाहीत. आपण आपल्याकडचंच काहीतरी धुंडाळायला हवं.

सप्टेंबर १९६९मध्ये ‘द बँड’ आली. लॉस एंजेलिसमधल्या एका भाड्याच्या बंगल्यात, पोहण्याच्या तलावाशेजारच्या खोलीत तिचं बरंचसं ध्वनिमुद्रण झालं. त्यातलं ‘रॅग मामा रॅग’ कान देऊन ऐकावं. नेहमी ड्रम्स वाजवणाऱ्या लेव्हनच्या हातात मँडोलिन आहे, पियानोवाला रिचर्ड मॅन्युएल ड्रम्सवर बसलाय, बेस वाजवणारा रिक डँको फिडल घासतोय. मग बेसची जागा कोण भरणार? निर्माता जॉन सायमननं तिथं चक्क ट्युबा फुंकलाय! प्रत्येक जण दुसऱ्याच्या जागेवर, आणि तरी लय कुठे सांडत नाही. अंगणात बसून रंगलेल्या मैफलीची ऊब त्या गाण्याला आहे.

याच तबकडीवर ‘द नाइट दे ड्रोव्ह ओल्ड डिक्सी डाउन’ आहे. अमेरिकी यादवी युद्धाच्या अखेरीस हरलेल्या दक्षिणेतल्या एका गरीब माणसाची ही कैफियत. लिहिली टोरोंटोच्या रॉबी रॉबर्टसननं, गायली लेव्हननं. त्यात गुलामगिरीबद्दल चकार शब्द नाही आणि ही उणीव मला खुपते. पण लेव्हनच्या गळ्यातला थकवा खरा आहे, तो नाकारता येत नाही.

दक्षिणेची गाणी बाहेरून रचणारा रॉबर्टसन एकटा नव्हता. त्याच वर्षी क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हलनं तीन तबकड्या काढल्या. गाणी लुइझियानाच्या दलदलीची, गाणारे मात्र सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातले! तिसरी, ‘विली अँड द पुअर बॉइज’, माझी विशेष लाडकी.

आता फेअरपोर्ट. १२ मे १९६९ला बर्मिंगहॅमचा कार्यक्रम आटोपून लंडनला परतताना त्यांच्या गाडीला महामार्गावर भीषण अपघात झाला. ड्रम्स वाजवणारा मार्टिन लँबल त्यात गेला. वय अवघं १९. गिटारवादक रिचर्ड थॉम्सनची मैत्रीणही दगावली. चमू तिथंच मोडला असता. पण त्या उन्हाळ्यात हॅम्पशरमधल्या फार्ली चेंबरलेन या खेड्यात घर घेऊन सगळे पुन्हा एकत्र आले. सोबतीला दोन नवे गडी: फिडलवादक डेव्ह स्वारब्रिक आणि ड्रम्सवर डेव्ह मॅटॅक्स.

बेसवाला अ‍ॅशली हचिंग्ज लंडनच्या सेसिल शार्प हाउसच्या ग्रंथालयात जुनी गाणी धुंडाळत बसे. इंग्लंड-स्कॉटलंडच्या कथागीतांचा मोठा संग्रह हार्वर्डच्या फ्रान्सिस जेम्स चाइल्डनं १८८२ ते १८९८ या काळात प्रसिद्ध केला होता, ३०५ गीतांचा. (त्याच सुमारास, १८९१मध्ये, आपल्याकडे अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह छापला. हे अ‍ॅक्वर्थ म्हणजे वडाळ्याच्या कुष्ठरोग रुग्णालयाला ज्यांचं नाव आहे तेच.) ‘लीज अँड लीफ’वरचं ‘मॅटी ग्रोव्हज’ हे चाइल्डच्या संग्रहातलं ८१वं गीत. सरदाराची बायको मॅटीला घरी बोलावते, नोकर चुगली करतो, सरदार येऊन दोघांनाही ठार मारतो. फेअरपोर्टची गायिका सँडी डेनी ही सगळी हकिगत आवाज न चढवता सांगते. कीव नाही, आक्रोश नाही. पुढं काय घडलं एवढंच. म्हणून तर अंगावर काटा येतो. कथा संपली, की स्वारब्रिकचं फिडल आणि थॉम्सनची गिटार एकमेकांना भिडतात. सँडीनं जे आवरून धरलं होतं, ते सारं या वाद्यांतून उसळून बाहेर येतं. इंग्लंडचं लोकगीत विजेच्या गिटारीवर पेलतं का, ही शंका माझ्या लेखी या आठ मिनिटांत कायमची मिटली.

तबकडी डिसेंबरमध्ये बाजारात आली, तोवर सँडी आणि हचिंग्ज दोघंही चमू सोडून गेले होते. हचिंग्जला परंपरेत आणखी खोल उतरायचं होतं. त्यातून स्टीलाय स्पॅन हा नवा चमू उभा राहिला. सँडीला स्वतःची गाणी लिहायची होती.

हे संगीत ज्यांनी ऐकलेलं नाही त्यांनी मात्र ‘लीज अँड लीफ’पासून सुरुवात करू नये. आधी फेअरपोर्टच्याच ‘अनहाफब्रिकिंग’वरचं ‘अ सेलर्स लाइफ’ लावावं. अपघाताआधी ध्वनिमुद्रित झालेलं हे गाणं ११ मिनिटांचं आहे, स्वारब्रिक त्यात पाहुणा म्हणून वाजवतोय आणि ड्रम्सवर मार्टिन लँबल आहे.