सेगाचे चाहते

बालपणी जडलेली आवड खेळण्यावर असते की ते घडविणाऱ्यावर, हे सहसा उमगत नाही. जपानच्या सेगा कंपनीच्या चाहत्यांना मात्र ते उमगले. १९९१ साली तिने सोनिक हा वाऱ्यासारखा धावणारा निळा काटेरी प्राणी व्हिडिओ खेळात आणला. निन्टेन्डोच्या मारिओला ते उघड आव्हान होते. मुलांत दोन तट पडले. भारतात १९९५ मध्ये शॉ वॉलेसमार्फत सेगाचे यंत्र आले. किंमत अठरा हजार रुपये! राजस्थानातील बस्सीत काय नि साताऱ्यात काय, सामान्य घराला ते परवडणे अशक्यच. पण न मिळालेल्या वस्तूची ओढ अधिक असते.

२००१ मध्ये ड्रीमकास्ट हे यंत्र चालेना म्हणून सेगाने यंत्रनिर्मितीच सोडली आणि सोनिक निन्टेन्डोच्या यंत्रांवर धावू लागला. २००६ चा सोनिकचा खेळ घाईने, दोषांसह बाजारात आला. तरी खरे कारण केवळ दोष नव्हेत. २००७ मध्ये मारिओ आणि सोनिक एकाच ऑलिंपिक खेळात उतरले. ज्या भांडणात मुलांनी हिरिरीने पक्ष घेतला होता, ते मोठ्यांनी परस्पर मिटविले होते! २०१७ चा ‘सोनिक मेनिया’ पुष्कळांना भावला. पण तो रचणाऱ्यांत जुन्या सोनिकवर हौसेने काम करणारे चाहतेच प्रमुख होते.