रयतमाउलीचे रोजचे धैर्य

मनोबल ही थोरामोठ्यांना जन्मतःच लाभलेली देणगी असते, अशी आपली समजूत असते. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचे जीवन ही समजूत दूर करते. त्यांनी व्यासपीठे गाजविली नाहीत. त्यांची कसोटी लागली ती घरातील चुलीपाशी.

1919 मध्ये कराड तालुक्यातील काले येथे भाऊरावांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. 1924 मध्ये साताऱ्यात त्यांचे वसतिगृह सुरू झाले. सर्व जातिधर्मांची गरीब मुले तेथे एकत्र राहू लागली, एका पंक्तीत जेवू लागली. लक्ष्मीबाई सनातनी वळणाच्या जैन घरात वाढलेल्या. सोवळेओवळे हा त्यांच्या दिनक्रमाचाच भाग होता. पतीला समतेचे तत्त्व पटले होते. पण ते तत्त्व रोज ताटात वाढण्याचे काम लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आले. लहानपणापासूनचा संस्कार बाजूला सारून परक्या मुलांना पोटच्या मुलांप्रमाणे जवळ करणे, हा त्यांचा पहिला विजय होय. तो कोणावर मिळविलेला नव्हता, स्वतःवर मिळविलेला होता.

दुसरी परीक्षा पैशाची होती. मुलांची संख्या वाढत होती आणि मदतीचा ओघ मात्र अनिश्चित होता. देणगी उशिरा आली तर चालते. भूक थांबत नाही. अशा वेळी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने एकेक करून दिले. त्या काळी स्त्रीला हक्काने स्वतःचे म्हणता येईल असे धन म्हणजे तिचे स्त्रीधन. अडीअडचणीचा तोच आधार. तो आधार त्यांनी मुलांच्या धान्यासाठी मोडला. अखेर मंगळसूत्रही दिले. सौभाग्याचे लेणे उतरविणे त्या काळच्या स्त्रीला किती जड गेले असेल, याची कल्पना करावी. परंतु मुले उपाशी राहू नयेत, ही चिंता त्यांना लोकापवादाहून मोठी वाटली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. सर्वस्व देण्याची प्रतिज्ञा लक्ष्मीबाईंनी पहिल्याच दिवशी केली नव्हती. आज पंक्ती उठली पाहिजे, एवढेच त्यांनी रोज पाहिले. त्या रोजच्या कर्तव्यातून त्यांचे बळ वाढत गेले. अपरिग्रह हा शब्द आपण प्रवचनांत ऐकतो. त्यांनी तो स्वयंपाकघरात आचरला.

1930 मध्ये लक्ष्मीबाई निवर्तल्या. साताऱ्याचे छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले ते 1947 मध्ये. ते पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. 1959 मध्ये भाऊरावांना पद्मभूषण मिळाले, तेव्हाही त्या नव्हत्या.

घरातील दीर्घ आजारपण, कर्जाचे हप्ते, मुलांचे अपयश यांपुढे आज अनेकांना हतबल वाटते. साऱ्या आयुष्याचा भार एकदम उचलण्याइतके बळ कोणापाशीच नसते. आजच्या दिवसाचे काम मात्र उचलता येते. लक्ष्मीबाईंनी तेवढेच उचलले, आणि त्या अन्नावर वाढलेली मुले शिकून आपल्या पायावर उभी राहिली.